चिन्हाच्या आत

मराठी साहित्याच्या अभ्यासाला वाहिलेल्या या पत्रिकेत निश्चित समाकलांचे मूल्य काढण्याच्या एका गणिती रीतीविषयी लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल, याची मला जाणीव आहे. मी गणिताचा अध्यापक नाही. १९७८ साली बी.एस्सी.चे दुसरे वर्ष संपताच त्या विषयाचा निरोप घेऊन मी कला शाखेत आलो आणि पुढे निवृत्तीपर्यंत मराठीच शिकवीत राहिलो. तथापि ज्या एका प्रश्नापाशी माझे आणि गणिताचे बिनसले, तो प्रश्न मला वीस वर्षांनी मराठीतूनच उलगडला. तोही कागदावर नव्हे, बोलण्यातून. त्या उलगड्यात भाषेचा जो वाटा होता तो लिहून ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते. या लेखनाला तेवढे समर्थन पुरेसे मानावे, अशी विनंती आहे.

प्रथम त्या रीतीविषयी. वक्ररेषा आणि तिच्या पायथ्याची आडवी रेषा यांच्यामध्ये, दोन ठरावीक सीमांच्या दरम्यान, जे क्षेत्रफळ सापडते त्याला निश्चित समाकल म्हणतात. वक्र आडव्या रेषेच्या वर असेल तेथे ते अधिक धरायचे, खाली असेल तेथे उणे. बेरजेसाठी असलेल्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर 'एस' उभे ताणून लाइब्निट्सने १६७५ मध्ये त्यासाठी एक चिन्ह योजले आणि आजतागायत तेच चालत आले आहे. समाकलाचे मूल्य काढण्याचा राजमार्ग असा की, ज्याचे अवकलन केले असता, म्हणजे ज्याच्या बदलाचा वेग काढला असता, आपल्या वक्राचे सूत्र मिळेल असे दुसरे फलन शोधायचे, त्यात दोन्ही सीमा घालायच्या आणि वजाबाकी करायची. अडचण अशी की, कित्येक साध्यासुध्या दिसणाऱ्या सूत्रांसाठी असे दुसरे फलन आपल्या नेहमीच्या परिचित फलनांच्या भाषेत लिहिताच येत नाही. ते आपल्याला सुचत नाही, असे नव्हे. ते त्या भाषेत असूच शकत नाही, हे सिद्ध करण्याची वाट एकोणिसाव्या शतकात लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने घालून दिली. आणि तरीही विशिष्ट दोन सीमांमधले क्षेत्रफळ मात्र नेमके आणि देखणे असू शकते. सबंध वाट ठाऊक नसताना दोन मुक्कामांमधले अंतर मात्र बिनचूक कळावे, तसा हा प्रकार आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, वाईच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. शाळेत त्यांना समाकलन शिकवावे लागत नसे. ते त्यांचे घरचे व्यसन होते. मी अकरावीत असताना एके दिवशी त्यांनी पाटीवर एक समाकल लिहून दिला. अंशात 'क्ष'चा वर्ग उणे एक, छेदात 'क्ष'चा लॉग, सीमा शून्य आणि एक. मी दोन दिवस राजमार्गाने डोके आपटले. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "त्या वर्गातल्या दोनाला तिथून उठव आणि त्याच्या जागी 'अ' बसव." मला हे उलटेच वाटले. एक प्रश्न सुटत नाही, तर त्याऐवजी अनंत प्रश्न घ्यायचे, यात शहाणपण ते कोणते?

शहाणपण पुढच्या ओळीत होते. 'अ' बसवताच त्या क्षेत्रफळाचे मूल्य 'अ'वर अवलंबून राहू लागते. 'अ' जरासा हलला की तेही हलते. ते किती वेगाने हलते, हे पाहायचे. आणि हा वेग काढण्यासाठी समाकलचिन्हाच्या बाहेर थांबून राहायचे नाही, तर चिन्हाच्या आत शिरून तेथल्या सूत्राचेच 'अ'च्या सापेक्ष अवकलन करायचे. 'क्ष'चा 'अ' घात याचे असे अवकलन केले की तोच घात गुणिले 'क्ष'चा लॉग, असे येते. म्हणजे वर एक लॉग अवतरतो आणि छेदात ठाण मांडून बसलेल्या लॉगला सोबत घेऊन निघून जातो. उरतो तो केवळ 'क्ष'चा 'अ' घात. त्याचे शून्य ते एक या सीमांमधले समाकलन कोणीही करील: एक भागिले 'अ' अधिक एक. हा झाला वेग. वेगावरून मूळ मूल्याकडे परतायचे, तर ते 'अ' अधिक एक याचा लॉग येते, आणि त्यात एखादा स्थिरांक मिळवावा लागतो. तो स्थिरांक कोणता? येथे 'अ' शून्य करून पाहायचे. 'क्ष'चा शून्य घात एक. एक उणे एक शून्य. सबंध क्षेत्रफळच शून्य. एकाचा लॉगही शून्य. म्हणून स्थिरांक शून्य. आता 'अ'ला उठवून दोनाला त्याच्या जागी परत बसवले की उत्तर मिळते: तीनाचा नैसर्गिक लॉग, सुमारे १.०९८६. त्या दिवशी मला झालेला आनंद मी पुढे फार थोड्या वेळा अनुभवला आहे. सुटत नसलेला प्रश्न सुटला, यापेक्षाही तो एकटा होता म्हणून सुटत नव्हता, भावंडांत नेऊन ठेवला तेव्हा सुटला, याचे मला अप्रूप वाटले.

गणिताच्या परिभाषेत त्या 'अ'ला प्रचल म्हणतात आणि या रीतीला समाकलचिन्हाखालील अवकलन. आपल्याकडील अभियांत्रिकीचे विद्यार्थी इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'डीयूआयएस' म्हणतात आणि परीक्षेपुरती पाठ करतात. मुळात ही कल्पना वक्रांच्या कुलांचा विचार करताना उदयाला आली. १६९७ मध्ये लाइब्निट्स आणि योहान बर्नुली यांच्यातील पत्रव्यवहारात, एका वक्रावरून त्याच कुलातल्या शेजारच्या वक्रावर गेले असता समाकलाने मिळणारी राशी किती बदलते, हा प्रश्न चर्चेला आला आणि लाइब्निट्सने चिन्हाच्या आत जाण्याचा मार्ग दाखवला. पुढच्या काळात ऑयलर प्रभृतींनी तिचा मुक्त वापर केला. आपल्या काळात ती लोकप्रिय झाली ती रिचर्ड फाइनमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञामुळे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी सांगितले आहे की, शाळेत ते वर्गात फार गडबड करीत म्हणून भौतिकीच्या शिक्षकांनी त्यांच्या हाती वुड्स यांचे प्रगत कलनशास्त्राचे पुस्तक दिले आणि मागच्या बाकावर बसून ते वाचायला सांगितले. त्यात ही रीत होती. विद्यापीठांत ती फारशी शिकवली जात नसल्यामुळे इतरांना न सुटणारे समाकल फाइनमन सोडवीत आणि त्यांचा बोलबाला होई. कारण एवढेच की, त्यांच्या पेटीतली हत्यारे वेगळी होती. हे पुस्तक मी फार उशिरा वाचले. वाईतल्या आमच्या ओटीवर ही पेटी उघडलेली होती, हे तेव्हा मला कळायचे कारण नव्हते.

येथे थोडे विषयांतर करतो. मराठी विभागात शोधप्रबंधांचे मसुदे तपासताना मला या 'अ'ची वारंवार आठवण होत आली आहे. एखादी कविता बंद राहते, तेव्हा आपणही तिच्यात बाहेरून काही घालतो: कवीचे चरित्र, मानसशास्त्रातली एखादी संकल्पना, समाजशास्त्राचा एखादा सिद्धांत. त्यात मुळीच गैर नाही. मात्र गणितात शेवटी 'अ'ला उठावे लागते. उत्तरात तो शिल्लक राहिला, तर प्रश्न सुटलेला नसतो. आपल्या प्रबंधांत तो बहुधा अखेरच्या प्रकरणातही तक्क्याला टेकून बसलेला दिसतो आणि कविता ओसरीवर उभी असते. हे अर्थातच एका मराठीच्या अध्यापकाचे मत आहे; गणिताने त्याला दुजोरा दिलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तो समाकल प्रसिद्ध आहे. 'क्ष'ची ज्या भागिले 'क्ष', सीमा शून्य आणि अनंत. ज्येचा वक्र आपल्या परिचयाचा आहे: आडव्या रेषेच्या वर एक कमान, खाली एक कमान, पुन्हा वर, पुन्हा खाली, अशा सारख्या उंचीच्या कमानी न संपता चालत राहतात. 'क्ष'ने भागले की दूरदूरच्या कमानी क्रमाने ठेंगण्या होत जातात. वरच्या कमानी अधिक, खालच्या उणे. या सर्वांची अनंतापर्यंतची बेरीज पायच्या निम्मी, म्हणजे सुमारे १.५७०८ भरते. वर्तुळाचा येथे वरकरणी काहीही संबंध नसताना पाय कोठून येतो, हे कोडे मनाला चाळवणारे आहे.

१९७७ च्या सत्रान्त परीक्षेत हा प्रश्न दहा गुणांना आला. मी अण्णांच्या रीतीने गेलो. 'अ' कोठे बसवायचा, हे मला पाठ होते: 'ई'चा उणे 'अ' गुणिले 'क्ष' हा घात घ्यायचा आणि त्याने आतल्या सूत्राला गुणायचे. 'अ' शून्य असेल तर हा गुणक एक होतो आणि मूळ प्रश्न जसाच्या तसा मिळतो. 'अ'च्या सापेक्ष अवकलन केले की छेदातला 'क्ष' नाहीसा होतो. उरलेले समाकलन सोपे असून त्याचे मूल्य उणे एक भागिले एक अधिक 'अ'चा वर्ग असे येते. वेगावरून परतले की उत्तरात स्पर्शज्येचे व्यस्त फलन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत 'टॅन इन्व्हर्स', येते, आणि पाय आत शिरतो तो याच दाराने. 'अ' फार मोठा केला असता सबंध क्षेत्रफळ विझून शून्याकडे जाते, त्यावरून स्थिरांक पायच्या निम्मा ठरतो. शेवटी 'अ' शून्य करायचा. उत्तर पायच्या निम्मे. मी ते चौकटीत लिहिले.

उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हा त्या उत्तराला दहापैकी तीन गुण होते. शेवटच्या ओळीशेजारी लाल शाईत इंग्रजीत एक प्रश्न लिहिलेला होता. त्याचा आशय असा: 'अ' शून्य करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला? मी धीर करून त्या प्राध्यापकांना विचारले की, उत्तर तर बरोबर आहे. ते म्हणाले, उत्तर सर्वांनाच ठाऊक असते. वर्ग हसला. मी एकोणीस वर्षांचा होतो.

उत्तरपत्रिका घेऊन मी सुटीत वाईला आलो. अण्णांनी ती चष्मा सावरून दोनदा वाचली, घडी घातली आणि काही न बोलता मला परत दिली. त्यांनी त्या प्राध्यापकांची चूक आहे असे म्हणावे, अशी माझी अपेक्षा होती. निदान ते बरोबर आहेत असे तरी म्हणावे. ते काहीच बोलले नाहीत. पुढे मी कला शाखेत प्रवेश घेणार असल्याचे पत्राने कळवले, तेव्हाही त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: निर्णय विचारपूर्वक घेतला असशील, खानावळीचे पैसे सोबत पाठवले आहेत. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे आमच्यात गणित हा विषय निघाला नाही. मी त्यांच्यासाठी पुस्तके नेत असे, तीही चरित्रे आणि प्रवासवर्णने.

तो निघाला तो काचबिंदूमुळे. अण्णांची दृष्टी वर्षांपूर्वीपासून कडेकडेने आक्रसत आली होती. १९९७ च्या दिवाळीपर्यंत त्यांना छापील अक्षर दिसेनासे झाले. वर्तमानपत्र शेजारचा मुलगा वाचून दाखवी. त्या दिवाळीत अण्णांनी मला कपाटातून एक जुनी, पुठ्ठा सुटलेली उदाहरणांची वही काढायला सांगितली आणि म्हणाले, "यातले एकेक वाच. हळू वाच. मराठीत वाच."

गणित मोठ्याने वाचणे किती कठीण आहे, याची कल्पना ज्याने ते केले नाही त्याला येणार नाही. कागदावर सूत्र एका दृष्टिक्षेपात दिसते. वर काय, खाली काय, कंसात काय, हे डोळा आपोआप ओळखतो. बोलताना ते सर्व एका ओळीत, एकामागून एक सांगावे लागते. 'एक अधिक क्ष भागिले दोन' असे मी वाचले की अण्णा विचारीत, "भागाकार कोणाचा? एकट्या 'क्ष'चा की दोघांचा?" मग आम्ही काही संकेत ठरवले. अंश सांगून झाला की मी क्षणभर थांबायचे. कंस उघडला की टेबलावर एकदा बोट वाजवायचे, मिटला की दोनदा. विरामचिन्हे ही मुळात श्वासाची चिन्हे आहेत, असे मी वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो होतो. ते इतक्या शब्दशः कधी अनुभवले नव्हते.

शब्दांवरूनही आमचे वाद होत. वाई हे मराठी विश्वकोशाच्या कार्यालयाचे गाव. विश्वकोशाने रूढ केलेले 'अवकलन' आणि 'समाकलन' हे शब्द अण्णांना प्रमाण वाटत. अन्यत्र वापरात असलेले 'विकलन' आणि 'संकलन' मी मुद्दाम वापरून पाहिले, तर ते म्हणाले, "संकलन म्हटले की तुम्हां मराठीवाल्यांना निवडक निबंध आठवतात. ते आपले नाही." 'ज्या' या शब्दाने तर फारच गंमत केली. संबंधी सर्वनामाचे सामान्यरूप आणि हा शब्द एकच असल्यामुळे 'ज्या ज्येच्या' वगैरे रचना करताना जीभ अडखळे. या शब्दाचा प्रवास सर्वश्रुत आहे: धनुष्याची दोरी या अर्थाची संस्कृतातली 'ज्या', तिचे 'जीवा' हे रूप अरबीत गेले, तेथे स्वरचिन्हांच्या अभावी ते 'जैब' असे वाचले गेले, आणि वस्त्राची घडी, कुशी या अर्थाच्या त्या शब्दाचे लॅटिनमध्ये 'सायनस' असे भाषांतर झाले. पाठभेदातून नवा शब्द कसा जन्मतो, हे सांगताना मी वर्गात हे उदाहरण देत असे. अण्णांना ते ठाऊक होते, पण त्याचे त्यांना विशेष कौतुक नव्हते. त्यांच्या मते दोरीच बरी. तिला ताण असतो.

'चिन्हाखाली' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. इंग्रजीत 'खाली' म्हणतात म्हणून आपणही म्हणायचे का, असे ते विचारीत. चिन्हाला उंबरठा असतो, आपण तो ओलांडतो. म्हणून 'चिन्हाच्या आत'. या लेखाचे शीर्षक त्यांचे आहे.

१९९८ च्या मे महिन्यात, वही वाचता वाचता, तो समाकल आला. मी वाचला: शून्यापासून अनंतापर्यंत, 'क्ष'ची ज्या, भागिले 'क्ष', 'क्ष'सापेक्ष. दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो. मग अण्णा म्हणाले, "यात 'अ' कुठे बसवशील?"

मी 'ई'चा घात सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "तो नको. ज्येच्या आत बसव. 'अ' गुणिले 'क्ष' याची ज्या, भागिले 'क्ष'. आता आत शिरून अवकलन कर."

मी केले. छेदातला 'क्ष' येथेही सुरेख नाहीसा झाला आणि 'अ' गुणिले 'क्ष' याची कोज्या तेवढी उरली. "समाकलन कर," अण्णा म्हणाले. मी करायला गेलो आणि थांबलो. कोज्येच्या कमानी मुळीच ठेंगण्या होत नाहीत. शून्यापासून निघून कितीही दूर गेलो तरी बेरीज वरखाली हेलकावे घेत राहते, कोठेच स्थिरावत नाही. त्या समाकलाला मूल्यच नाही.

"बरे," अण्णा म्हणाले, "आता अवकलन विसर. 'अ' दुप्पट केला, तर मूळ क्षेत्रफळ किती बदलेल?" मी मनात 'अ' गुणिले 'क्ष' याच्या जागी नवे अक्षर घातले. वरचा 'अ' खालच्या 'अ'ने छेदला जातो. काहीच बदलणार नाही. 'अ' धन असेल तोवर मूल्य पायच्या निम्मेच राहते. म्हणजे बदलाचा खरा वेग शून्य, आणि आत शिरून काढलेला वेग निरर्थक. तेच सूत्र, तीच रीत, त्याच सीमा. 'अ'ची जागा तेवढी दुसरी, आणि उंबरठा ओलांडताच आपण विहिरीत.

"आणि 'अ' शून्य केला तर?" त्यांनी विचारले. शून्याची ज्या शून्य. सगळे क्षेत्रफळ शून्य. ऋण केला तर उणे पायच्या निम्मे. मला तो आलेख डोळ्यांसमोर दिसला: एक सपाट पायरी, मग शून्यापाशी एकाएकी खड्डा, मग तितकीच खोल दुसरी पायरी. 'अ' शून्याकडे नेत नेत जे मूल्य दिसत होते, ते शून्यावर पाऊल ठेवताच नाहीसे होत होते. लाल शाईतल्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा समजला. माझ्या उत्तरात असा खड्डा नव्हता, हे खरे. पण तो नाही हे मी दाखवले नव्हते. मी केवळ सुदैवाने योग्य जागी पाऊल टाकले होते, आणि ते सुदैवही उसने होते.

मग अण्णांनी तो अधिकार कसा मिळवायचा ते सांगितले. ते कागदाशिवाय सांगता येते, म्हणून येथेही देतो. 'अ' शून्यापासून थोडासाही दूर असेल, तोवर काळजी नाही. 'ई'चा तो उणे घात सगळ्या हेलकाव्यांना एका उतरत्या छपराखाली धरून ठेवतो, आणि छपराखाली आत-बाहेर करायला मुभा असते. धोका फक्त शेवटच्या पावलाचा. तेथे कमानींकडे पाहायचे. वर एक, खाली एक, आणि प्रत्येक कमान आधीच्या कमानीहून लहान. अशा मालिकेत आपण मध्येच कोठेतरी तोडले, तर पुढे उरलेली सगळी बेरीज मिळून टाकलेल्या पहिल्या कमानीहून मोठी असू शकत नाही; कारण प्रत्येक पुढची कमान आधीचीला थोडे मागे ओढते, पण पुरते मागे ओढू शकत नाही. शंभर कमानी ठेवून बाकीच्या सोडल्या, तर सोडलेल्यांचे एकूण मोल ०.००६४ हून कमीच भरते. आता मर्म असे की, हे 'अ'च्या कोणत्याही मूल्याला लागू आहे, शून्यालाही. गुणकामुळे कमानी लहान होतील, मोठ्या नाही. म्हणजे शेपूट किती लांबीवर तोडायचे हे 'अ'ला विचारून ठरवावे लागत नाही. आणि शेपूट तोडल्यावर उरलेल्या मर्यादित तुकड्यात 'अ' शून्य करायला कोणाचीच हरकत नसते. हे सांगताना अण्णा टेबलावर बोटांनी कमानी काढीत होते, एक वर, एक खाली, दर वेळी थोडी लहान. त्यांना त्या दिसत नव्हत्या. मला दिसत होत्या.

पुढे ग्रंथालयात चाळताना मला कळले की, याच समाकलाच्या निरनिराळ्या सिद्धता घेऊन जी. एच. हार्डी यांनी १९०९ मध्ये 'मॅथेमॅटिकल गॅझेट' या इंग्लंडमधील नियतकालिकात एक लेख लिहिला होता आणि परीक्षकाप्रमाणे प्रत्येक सिद्धतेला गुण, खरे तर दोषगुण, दिले होते. जिच्यात जोखमीच्या पायऱ्या अधिक, तिच्या नावावर दोष अधिक. रामानुजनांचे पत्र हार्डी यांच्या हाती पडण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. उत्तर सर्वांनाच ठाऊक असते, हे वाक्य मला त्या लेखाशेजारी ठेवल्यावर पूर्वीइतके बोचेनासे झाले. वर्गाचे हसणे मात्र अजून बोचते; त्याचा गणिताशी संबंध नाही.

त्या संध्याकाळी अण्णांचे सांगून झाल्यावर मी विचारले, "हे तुम्हांला तेव्हा ठाऊक होते? मी उत्तरपत्रिका घेऊन आलो तेव्हा?"

"नव्हते," अण्णा म्हणाले. "मला ती रीत माझ्या गुरुजींनी शिकवली, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. आत जायला परवानगी लागते, हे आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते. तुझ्या त्या प्राध्यापकांचे बरोबर आहे एवढे दिसत होते. पण का बरोबर आहे ते सांगता येत नव्हते. मुलाला काय सांगणार?"

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुण्याहून दोन पुस्तके मागवली. सहा महिने लागले. ज्येच्या आत 'अ' घातल्यावर काय होते, हे एका रविवारी सकाळी दिसले. तुला पत्र लिहायला बसलोही होतो. पण तोवर तू मराठीचा अर्ज भरला होतास. म्हटले, आता लिहिले तर परत बोलावतो आहे असे वाटेल."

मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आईने जेवायला थांबायचे की आटोपायचे, असे आतून विचारले. "अजून एक होऊ दे," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "वाच पुढचे."

मी पान उलटले. शून्यापासून एकपर्यंत, कंस, एक अधिक 'क्ष', कंस पुरा, याचा लॉग, मग थांबून, भागिले एक अधिक 'क्ष'चा वर्ग. हेही जुने, नामांकित उदाहरण आहे, आणि चिन्हाच्या आत शिरूनही ते सुटते. मी लॉगच्या आत 'अ' बसवू लागलो होतो.

"अरे, थांब," अण्णा म्हणाले. "'क्ष'च्या जागी स्पर्शज्या घाल, चार ओळींत येईल. याला 'अ' लागत नाही."